शेलूच्या मुलांना घर द्या



मी शेलूला राहते असे सांगितले की ऐकणारीचा काहीतरी गैरसमज होतोच. कुणाला परभणी जिल्ह्यातले सेलू आठवते आणि ती म्हणते, "एवढ्या लांब जाऊन राहिलात?" कर्जतजवळचे शेलू म्हटले तर कुणाला अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत वाटते. आणि जिला गाव खरेच माहीत असते ती म्हणते, "अगं बाई, तिकडे? तिकडे सगळी कॉलेजची पोरं भाड्याने राहतात ना?" पहिल्या दोन गैरसमजांचे मला हसू येते. तिसऱ्याविषयी मात्र आज लिहायचे आहे, कारण तो आता सोसायटीच्या ठरावापर्यंत जाऊन पोचला आहे.

आमच्या भागातल्या एका सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत "विद्यार्थ्यांना सदनिका भाड्याने देऊ नये" असा ठराव यायचा आहे. त्यावर सह्या गोळा करत फिरणाऱ्यांत आपल्या समाजाच्या भगिनी पुढे आहेत, आणि त्यांनी कारण दिले आहे अहिंसेचे. माझे मत या ठरावाच्या पूर्ण विरोधात आहे. ते का, हे सविस्तर सांगते. तुम्ही शेलूला राहत नसाल तरी वाचा, कारण अशी पाटी तुमच्याही इमारतीच्या दारावर असू शकते.

आधी गाव सांगते. कर्जतच्या लोकलने निघालात की बदलापूर, वांगणी, मग शेलू, पुढे नेरळ, भिवपुरी रोड आणि कर्जत. ही रेल्वे जुनी आहे, 1856 साली ती खोपोलीपर्यंत पोचली होती. एका बाजूला माथेरानचा डोंगर, जवळून वाहणारी उल्हास नदी आणि मध्ये भातशेती. भाताच्या ज्या जाती "कर्जत 3", "कर्जत 7" अशा नावांनी शेतकऱ्यांना ठाऊक आहेत, त्या कर्जतच्या संशोधन केंद्रातून आल्या. म्हणजे शिकणे आणि शोधणे या तालुक्याला नवे नाही. अभियांत्रिकीची महाविद्यालये त्यानंतर आली. कर्जतला कोकण ज्ञानपीठाचे महाविद्यालय 1994 साली सुरू झाले. पुढे भिवपुरीजवळ तासगावकरांचे आणि आमच्या शेलूत जी. व्ही. आचार्य यांच्या नावाचे. मुंबईत जागा परवडत नाही, इथे जमीन होती आणि दाराशी लोकल होती, म्हणून ही सगळी या रेल्वेच्या पट्ट्यात आली.

त्यामुळे आमच्याकडे दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात बाहेरगावची मुले येतात. कॅप राउंडमध्ये ज्याला जे महाविद्यालय मिळेल ते त्याचे. हिंगोलीचा मुलगा, जळगावची मुलगी, कोकणातली भावंडे. घरच्यांनी शेलूचे नाव त्याआधी ऐकलेले नसते. हातात प्रवेशाचे पत्र, सोबत एक पत्र्याची पेटी नाहीतर मोठी बॅग, आणि पहिला प्रश्न, "काका, इथे रूम मिळेल का?"

बाहेर आमच्या गावाविषयी काय बोलले जाते ते मला माहीत आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत तर शेलूचे नाव वर्तमानपत्रांत वेगळ्याच कारणाने गाजले. 1982 च्या संपानंतर ज्यांच्या आयुष्याची घडी विस्कटली त्या गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणी इथे मिळून सुमारे 81 हजार घरे देण्याची सरकारी योजना पुढे आली. कामगारांनी ती नाकारली. 9 जुलै 2025 ला आझाद मैदानावर मोठे आंदोलन झाले आणि शेलू-वांगणीची योजना रद्द करून मुंबईतच घर द्या, अशी मागणी झाली. ज्यांच्या घामावर मुंबई उभी राहिली त्यांनी मुंबईत घर मागावे, यात मला काहीच चूक वाटत नाही. त्यांची मागणी न्याय्य आहे. पण त्या दिवसांत शेलूला "फेकले" हा शब्द इतक्या वेळा कानावर आला की इथल्या माणसालाही वाटू लागले, आपण कुठल्या तरी उकिरड्यावर राहतो आहोत. कामगारांचा हक्क खरा आहे आणि आमचे गाव चांगले आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. अनेकांत आपण पाठशाळेत शिकलो तो अशाच वेळी वापरायचा असतो.

आता हे गाव मला का आवडते ते सांगते. शेलूत सोयी कमी आहेत हे मी लपवत नाही. एक लोकल चुकली की दुसरीची वाट बघत बसावे लागते. पावसात वीज जाते. जिनमंदिर चालत जाण्याच्या अंतरावर नाही, दर्शनाला गाडीनेच जावे लागते. मोठ्या दुखण्याला बदलापूर नाहीतर कल्याण गाठावे लागते. पण वाणिज्य शाखेत शिकलेली बाई खर्चाची बाजू लिहून वही मिटत नाही, जमेची बाजूही मांडते.

जमेला पहिली नोंद या मुलांचीच आहे. सकाळी फलाटावर जा. खांद्याला ड्राफ्टर, हातात चार्टची नळी, आणि बाकावर बसून गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका सोडवणारी पोरे दिसतील. गावाला त्यांच्या वेळापत्रकाची सवय झाली आहे. सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्सवाल्याचा दिवा रात्री उशिरापर्यंत जळतो. व्हायवाच्या दिवशी रिक्षावालाही विचारतो, "कसा गेला रे?" केटी लागली की चहावाल्याला आधी कळते, घरच्यांना नंतर. घरगुती डबे करून कितीतरी बायकांनी आपली मुले शिकवली. ठाकूरवाडीतून भाजी घेऊन येणाऱ्या बाईचा अर्धा माल मेसमध्ये जातो. मुले सुट्टीला गेली की बाजार कसा सुना पडतो ते मी दर वर्षी बघते. मध्यंतरी राज्यभरातच अभियांत्रिकीच्या जागा रिकाम्या राहू लागल्या होत्या, तेव्हा इथल्या छोट्या दुकानदारांची काळजी मी जवळून पाहिली आहे.

दुसरी नोंद आमच्या जिन्यातली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. गॅसची टाकी वर चढवायची असो, मोबाइलवर वीजबिल भरायचे असो की रेल्वेचे तिकीट काढायचे असो, मी खालच्या मजल्यावरच्या मुलांना हाक मारते. माझी मुले नोकरीनिमित्त लांब आहेत. रात्री छातीत दुखले तर ती विमानाने येईपर्यंत मी कुणाच्या भरवशावर राहू? जिन्यातल्या याच मुलांच्या.

आमचे जेवण सूर्यास्ताआधी होते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे संध्याकाळी पाचलाच माझी कढई चढते. त्याच वेळी मुले कॉलेजमधून भुकेली येतात. एकदा मी कच्च्या केळ्यांचे वडे केले होते. हिंगोलीकडचा एक मुलगा खाऊन म्हणाला, "काकू, बटाटा एकदम भारी आहे." त्यात बटाटा नाही हे सांगितल्यावर त्याने मला अर्धा तास प्रश्न विचारले. कंदमूळ का नाही, पाणी गाळून का घ्यायचे, रात्री का जेवायचे नाही. आपल्या नातवंडांनी मला इतके प्रश्न कधी विचारलेले नाहीत. दशलक्षण पर्वात त्या मुलांनी आपण होऊन गाण्यांचा आवाज कमी केला, आणि क्षमावाणीच्या दिवशी दारात येऊन म्हणाली, "वर्षभराची क्षमा द्या." धर्माची प्रभावना आणखी वेगळी कशी असते?

आता ठरावाच्या बाजूने जी कारणे सांगतात ती घेऊ. ती सगळी खोटी नाहीत.

गोंगाट होतो. होय, होतो. वाढदिवसाला रात्री बारा वाजता जिन्यात केक कापतात. कचऱ्याची पिशवी दोन-दोन दिवस दाराबाहेर राहते. एका खोलीत तिघे सांगून सहा जण राहतात, मग पाण्याची टाकी लवकर रिकामी होते. या तक्रारी रास्त आहेत. पण गोंगाट, कचरा आणि पाणी यांवर नियम करता येतो. ज्या कुटुंबाचा टीव्ही रात्री बारापर्यंत चालतो त्यालाही तोच नियम लावता येतो. मग नियम वागणुकीवर असू दे. माणूस विद्यार्थी आहे, एवढ्यावरून त्याला दार बंद कशासाठी?

दुसरे कारण, मुलगे आणि मुली. हे कारण कुजबुजत सांगतात. त्यावर मी एकच विचारते. आपली मुलगी उद्या पुण्याला, बंगळुरूला शिकायला गेली आणि तिला प्रत्येक दारात "एकटी मुलगी नको" असे ऐकावे लागले, तर? मागच्या प्रवेशाच्या वेळी नांदेडकडचे एक वडील आपल्या मुलीला घेऊन तीन दिवस इमारतीमागून इमारत फिरत होते. प्रवेश मिळाला होता, फी भरली होती, घर मिळत नव्हते. "आमची हरकत नाही, पण सोसायटीत चालत नाही," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकले की चौथ्या दिवशी ते मुलीला परत न्यायला निघाले होते. आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी आपली रिकामी सदनिका दिली म्हणून ती मुलगी आज दुसऱ्या वर्षाला आहे. न दिली असती तर एका मुलीचे शिक्षण आपल्या पाटीमुळे थांबले असते. त्या ठरावावर सही करताना हे नजरेसमोर असावे.

तिसरे कारण सगळ्यांत मोठे, आणि तेच आपल्या धर्माच्या नावाने पुढे केले जाते. मुले मांसाहार करतात, अंडी शिजवतात, वास येतो. वासाचा त्रास मलाही होतो. मी खिडकी लावून घेते. पण व्रत म्हणजे काय, याचा विचार करा. श्रावकाची अणुव्रते ज्याची त्याने घ्यायची असतात. गुरूंसमोर हात जोडून आपण आपल्यासाठी नियम घेतो, शेजाऱ्यासाठी घेत नाही. दुसऱ्याच्या चुलीवर पहारा ठेवून आपली निर्जरा होत नाही. उलट "ती तसली माणसे" हा भाव मनात धरला, तर मान कषाय वाढतो, आणि तो आपल्या खात्यावर जमा होतो. हिंसा मनाने आणि वचनानेही होते हे आपण प्रवचनात ऐकतो. पोराच्या तोंडावर दार आपटताना ते कुठे जाते?

आणि मैत्रिणींनो, विद्यार्थ्यांना आसरा देणे ही तर आपल्या समाजाची शंभर वर्षांची ओळख आहे. ज्या काळात शिकायला शहरात येणाऱ्या पोराला कुणी उभे करत नव्हते, त्या काळात आपल्या पूर्वजांनी बोर्डिंगे बांधली. कोल्हापूरचे दिगंबर जैन बोर्डिंग आपल्यापैकी कितीतरी जणींच्या आजोबांनी पाहिले आहे. मुंबईत शेठ माणिकचंद हिराचंद यांनी जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभारले, आणि त्यांची कन्या मगनबाई यांनी श्राविकाश्रमाच्या कामाला वाहून घेतले. श्वेतांबर समाजात आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने 1915 साली मुंबईत महावीर जैन विद्यालय निघाले. या वास्तूंमध्ये राहून शिकलेली माणसे पुढे डॉक्टर, वकील, व्यापारी झाली. आज आपल्या नावावर ज्या सदनिका आहेत, त्यांचा पाया तिथे घातला गेला.

सगळ्यांत मोठे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. कुंभोजला 1887 साली जैन घरात जन्मलेला हा मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होता. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, आणि परत आल्यावर त्यासाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे त्याच भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याला सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. पण मला भाऊरावांपेक्षा जास्त आठवतात त्या लक्ष्मीबाई, त्यांच्या पत्नी. सोवळ्याओवळ्याच्या कडक जैन घरात वाढलेली ती बाई. तिने आपल्या घरात सगळ्या जातींच्या पोरांना आईसारखे जेवू घातले. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्या गेल्या. त्यांचे आचारविचार कमी कडक होते, असे म्हणायची आपली हिंमत आहे का? आपल्याकडे कुणी मंगळसूत्र मागत नाही. रिकामी पडलेली सदनिका मागतात, तीही भाडे देऊन.

आपल्याकडे चार दाने सांगितली आहेत: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. परगावच्या विद्यार्थ्याला योग्य भाड्यात डोक्यावर छप्पर दिले आणि आजारपणात विचारपूस केली, तर यांतल्या कशाकशाला आपला हात लागतो ते मोजून पाहा. सत्पात्र दान मुनींना, त्यागींना, हे मला ठाऊक आहे. मी त्याची बरोबरी करत नाही. पण करुणेने दिलेल्यालाही आपल्या शास्त्रात जागा आहे.

भावना झाली, आता व्यवहार. घर देताना डोळे झाकून देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार करा, पण नोंदवा. जवळच्या पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती द्या. करारात राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि पालकांचा फोन घ्या. तिघे म्हणजे तिघेच. रात्री दहानंतर आवाज नाही, कचरा रोजच्या रोज, पाण्याची वेळ ठरलेली, हे सगळे लिहून त्यांची सही घ्या. अनामत रक्कम घ्या, पण परत करताना खोट्या दुरुस्त्या दाखवून कापू नका. अचौर्य हेही आपलेच व्रत आहे. सोसायटीने घर भाड्याने दिलेल्या सभासदाकडून बिनभोगवटा शुल्क घ्यावे, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे समितीतल्या मंडळींनी लक्षात ठेवावे. "विद्यार्थी ठेवलेत म्हणून दुप्पट मेंटेनन्स" असे कुणी सांगितले तर लेखी मागा.

आणि एक घरगुती उपाय. मुले राहायला आली त्या आठवड्यात त्यांना एकदा चहाला बोलवा. आपल्या घरात काय चालते, काय चालत नाही, पर्युषणात आम्ही कसे राहतो, हे गोड शब्दांत एकदाच सांगा. ज्या मुलाने तुमच्या हातचे खाल्ले आहे तो तुमच्या दाराशी कचरा टाकत नाही. शेलूत राहून मला आलेला हा अनुभव आहे.

ज्या सोसायटीत हा ठराव येणार आहे तिथल्या भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे. सभेला जरूर जा. गोंगाटाबद्दल, पाण्याबद्दल, कचऱ्याबद्दल कडक नियम मांडा, मीही तुमच्या बाजूने बोलेन. पण त्या कागदावर "अहिंसा" आणि "जैन धर्म" हे शब्द लिहिले असतील तर ते आधी खोडायला लावा. कुणाच्या लेकरावर दार लावायला आपल्या धर्माचे नाव वापरले जाऊ नये.

आणि ज्यांची शेलूत, नेरळात, कर्जतला सदनिका गुंतवणूक म्हणून कुलूपबंद पडून आहे, त्यांनी यंदा प्रवेश सुरू होण्याआधी ती झाडून, पंखे आणि नळ तपासून ठेवावी. बाहेरगावचे आईवडील मुलांना घेऊन लवकरच गाडीतून उतरतील. त्यांनी विचारले तर "हो, आहे घर" असे म्हणा.

उत्तम क्षमा.